अंग कसं हाय?

"हात का थांबला रं?"

अण्णा पालथे पडले होते. तोंड भिंतीकडं, डोळे मिटलेले. तरी माझा हात थांबलेला त्यांना लगेच कळला.

"तेल संपलं, अण्णा," मी म्हणालो आणि वाटीत बोटं बुडवली. वाटी चांगली अर्धी भरलेली होती.

झालं होतं असं, की त्यांच्या उजव्या खांद्यावरून माझा अंगठा खाली येत असताना कातडीखाली काहीतरी लवलं. डोळा लवतो तसं. मी दाब काढला तरी ते लवत राहिलं. खांद्यावर थांबलं की दंडावर सुरू व्हायचं, दंडावर थांबलं की पाठीवर. अण्णा स्वतः दगडासारखे निपचित होते. त्यांचं मांस त्यांना न विचारता हलत होतं, आणि आमच्या गावात तर अण्णांना न विचारता काहीच हलत नसे.

मग ते उताणे झाले. मी त्यांचा उजवा पंजा हातात घेतला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांसाचा उंचवटा असतो. पैलवानाच्या हाताला तिथं लिंबाएवढी गाठ येते, अण्णांची तर अंड्याएवढी होती. त्या सकाळी तिथं खळगा लागला. माझं बोट त्यात बसलं.

तसा खळगा मी आधी एकदाच पाहिला होता, माझ्या बापाच्या हातात. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही बापाला वारणेच्या काठावर पोचवलं होतं.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. आमचं घर न्हाव्याचं. गावातल्या दाढ्या करायच्या आणि तालमीतल्या पैलवानांची अंगं रगडायची, ही दोन कामं आज्यापणज्यापासून चालत आलेली. अण्णा म्हणजे हिंदुराव अण्णा. नदीच्या पाण्याची पाळी कुणाला कधी, ऊसतोडीची टोळी आधी कुणाच्या रानात, स्टँडवर टपरी कुणी टाकायची, हे सगळं त्यांच्या मानेवर ठरायचं. मान हलली तर हो, नाही हलली तर नाही. त्यांनी कधी काठी घेतलेली कुणी पाहिली नाही. बोलता बोलता ते सदऱ्याची बाही वर सारायचे, दंडावर बेटकुळी उठायची आणि समोरच्याचं बोलणं तिथंच आटपायचं.

आमच्या दादाचं मात्र आटपलं नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सखाराम. त्याच्या चार वर्षं आधी पंचायतीच्या निवडणुकीत तो समोरच्या पार्टीच्या वतीनं बूथवर बसला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी चावडीपुढं त्याला हाक मारली, हसत हसत त्याचा उजवा हात हातात घेतला आणि पिरगाळला. मनगटाचा आवाज मी दुकानात ऐकला. त्या हातात पुन्हा वस्तरा आला नाही. आठव्या दिवशी वाड्यावरून निरोप आला, मालिशला आता धाकट्याला पाठवा.

मी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? ज्या हातानं माझ्या भावाचा हात मोडला तोच हात मी रोज सकाळी तेल लावून रगडत होतो, वर 'जोर बरोबर हाय का, अण्णा?' असंही विचारत होतो. मी शूर माणूस नव्हे, हे इथंच सांगून टाकतो.

तर तो खळगा मला लागला तेव्हा जत्रा नऊ दिवसांवर आली होती.

आमच्याकडं हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी जत्रा भरते. मारुतीच्या देवळापुढं काळ्या दगडाची एक गोल गोटी आहे, दीड क्विंटलला थोडीच कमी. ती जमिनीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून छातीवर घ्यायची आणि खांद्यावरून मागं टाकायची. जो टाकील त्याचा शब्द वर्षभर गावात चालतो. कागदावर असं कुठं लिहिलेलं नाही, पण चालतो. अण्णा बावीस वर्षं टाकत आले होते.

गोटीला हात घालायच्या आधी एक रीत आहे. आमच्या घरातल्या माणसानं सगळ्यांसमोर उचलणाऱ्याच्या अंगाला तेल लावायचं आणि अंग चाचपून बघायचं. मग त्याचे दोन्ही पंजे हातात धरून उभं राहायचं. गुरव विचारतो, "अंग कसं हाय?" आम्ही सांगायचं, "अंग तयार हाय." मग गुरव त्याच्या दंडांना शेंदूर लावतो. फार मागं कधीतरी एक गडी अंगात ताप असताना गोटीखाली सापडून मेला, तेव्हापासूनचं हे. आम्ही 'तयार न्हाई' म्हटलं तर त्या साली गोटीला कुणीच हात लावायचा नाही. उचलणाऱ्याला त्यात कमीपणा नाही, त्याचा मानही जात नाही. पण त्यानं स्वतः माघार घेतली तर मात्र मान गेला.

माझ्या बापानं एकदाच 'तयार न्हाई' म्हटलं होतं, ते पंचवीस वर्षांच्या हिंदुरावला. चौथ्या दिवशी त्याला विषमज्वरानं अंथरुणावर पाडलं. बरा झाल्यावर तो आमच्या घरी येऊन बापाच्या पाया पडला. मी सहा वर्षांचा होतो, पण मला ते आठवतं, कारण एवढा मोठा माणूस आमच्या दारातून वाकून आत येताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानंतर आमच्या घरातून 'न्हाई' गेलं नव्हतं. तसं कारणही पडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मालिश चालू असताना अण्णांनी माजघरातल्या माणसांना बाहेर जायला सांगितलं. दार लोटून घेतलं आणि चटईवर बसून राहिले. आडवे झालेच नाहीत.

"परवा तू तेल संपलं म्हणालास," ते म्हणाले. "वाटी मी बघितली हुती."

मी वाटी उचलून उगाच बाजूला ठेवली.

"खरं सांग. बोटाला काय लागलं?"

"काय न्हाई, अण्णा. उन्हाळा हाय. अंग थकलं असंल."

"तुझ्या बाचं कशानं सुरू झालं हुतं?"

आता काय सांगावं? मी खाली बघून बोललो, "हातातनं वस्तरा पडायचा."

"मांस लवायचं?"

"लवायचं."

"मग?"

"मग हात गेलं. मग पाय गेलं. शेवटाला पाणीसुदिक गिळता येत नव्हतं."

"किती दिवस गेलं ह्यात?"

"दोन वरसं."

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग अण्णांनी सदरा चढवला आणि बटणं लावायला घेतली. खालची तीन लागली. वरचं बटण बोटांतून निसटत होतं. एकदा, दोनदा, चारदा. मी दारातलं पायपुसणं बघत उभा राहिलो. मदतीला पुढं व्हावं तर मला कळलंय हे त्यांना कळणार. न व्हावं तर हे कधी संपणार कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी ते बटण तसंच सोडलं.

"गोटीचं काय म्हणतोस?"

"तुम्ही उचलणार की, अण्णा. दरसाल उचलताय."

"मी काय करणार ते इचारलं न्हाई. तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार? तयार हाय म्हणणार."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चार वर्षांत मी त्यांच्या अंगाचा कोपरा न् कोपरा ओळखत होतो, पण डोळ्यांकडं कधी सरळ बघितलं नव्हतं. तेव्हाही बघितलं नाही.

"बरं," ते म्हणाले. मी दाराशी पोचलो तेव्हा पाठीमागून आवाज आला, "निवृत्ती, ह्यातलं भाईर गेलं तर..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी तोंड बंद ठेवतो का हे त्यांनी तपासून बघितलं आणि आपण त्यात पास झालो, असंच मला वाटलं. मी चक्क सुटकेचा श्वास टाकला.

त्याच दुपारी जयसिंग दाढीला आला. जयसिंग अण्णांचा पुतण्या. तिशीचा, बुलेटवरून फिरणारा, गोड बोलणारा. अण्णांची सगळी माणसं सांभाळायचा तोच. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दादा दारातल्या स्टुलावर बसून डाव्या हातानं टॉवेलच्या घड्या घालत होता.

"दादा, जरा स्टँडवर जाऊन च्या सांगून या की," जयसिंग म्हणाला. दादा गेला.

मी साबण लावला. वस्तरा गालावरून उतरून गळ्याशी आला तेव्हा त्यानं वर छताकडं बघत विचारलं, "काकांचं अंग कसं हाय?"

"चांगलं हाय."

"परवा जेवताना भाकरी तोडता येईना त्यांना. तांब्या दोन्ही हातांनी धरत्यात. आईला वाटतंय वात झालाय." तो जरा थांबला. "तू तर रोज चाचपतोस. तुला काय वाटतंय?"

"वातच असंल."

"असंल," तो हसला. त्याच्या गळ्याची घाटी माझ्या वस्तऱ्याखाली वर गेली आणि खाली आली. "हे बघ, मला काय तुझ्या वैदकीत शिरायचं न्हाई. मला एवढंच पायजे, की जत्रंत गुरवानं इचारल्यावर तू तयार हाय म्हणायचंस. फुडचं मारुतराया बघून घील."

"अन समजा..."

"समजा कशाला? दादाला एक हात शाबूत हाय अजून. घड्या बऱ्या घालत्यात."

वस्तरा माझ्या हातात, गळा त्याचा, आणि थरथरत होतो मी. त्याच्या हनुवटीखाली रक्ताचा टिपका आला. "जपून, जपून," असं म्हणत त्यानं स्वतःच तुरटी घेतली, आरशात बघून लावली आणि केस सारखे करून निघून गेला. दादानं सांगितलेला चहा आला तेव्हा प्यायला कुणी नव्हतं.

आता माझं गणित सोपं होतं, म्हणजे भीतीचं. 'तयार' म्हटलं तर गोटी अण्णांना चिरडणार. तो हात तिला पेलणार नाही, हे मी मारुतीच्या पायावर हात ठेवून सांगितलं असतं. 'तयार न्हाई' म्हटलं तर जयसिंग दादाला सोडणार नव्हता. आणि अण्णा? भर जत्रेत मी त्यांचं अंग गेलंय असं सांगितलं तर अण्णा मला सोडतील, असं मला कुठून वाटणार? जेवण जाईना. वस्तऱ्याला धार लावताना दोनदा बोट कापलं. रोज सकाळी त्यांच्या दंडावर हात ठेवला की ते लवणं हाताखाली जाणवायचं आणि वाटायचं, आज आणखी जास्त आहे.

जत्रेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, मी दादाला सगळं सांगून टाकलं. आम्ही ओट्यावर बसलो होतो.

"खळगा किती खोल हाय?" त्यानं विचारलं.

"बोट बसतंय."

"बाचा हुता तसा?"

"तसाच."

"मग गोटी छातीला आली की हात सुटणार. मरंल माणूस."

"मरू दे की!" माझ्या तोंडून निघून गेलं. "तुझ्या हाताचं काय केलं त्यानं?"

दादानं आपला वाकडा पंजा मांडीवर घेतला, जणू मी त्याला नाही, त्या पंजाला शिवी दिली होती.

"ह्यो हात माझा हाय," तो म्हणाला. "त्याचं काय करायचं ते मी आन् हिंदुराव बघू. तू मधी येऊ नको. तू उद्या बाच्या जागी हुबा ऱ्हाणार हाईस. अंग बघून खोटं सांगायचं न्हाई, निवरत्या. आपल्या घरात ते कुणी केलं न्हाई."

"जयसिंग तुझा डावा हात मोडंल."

"मोडू दे. त्यानं तरी मी काय डोंगर उचलतोय? घड्याच घालतोय न्हवं?" तो हसला. मला हसू आलं नाही. "अन हिंदुरावाचं तुला भ्या वाटतंय, व्हय ना? बानं न्हाई म्हटलं तवा त्यो पाया पडला हुता. तयार न्हाई म्हण. शबूद दे."

मी शब्द दिला. तेव्हा तो मनापासून दिला होता, एवढं माझ्या बाजूनं सांगतो.

चैत्राचं ऊन. देवळापुढं माणूस मावत नव्हतं. चार हलग्या एकदम कडकडत होत्या, नारळ फुटत होते, बायका समोरच्या माड्यांवर चढून बसल्या होत्या. अण्णा आले तेव्हा माणसं आपोआप बाजूला झाली. उघडं अंग, खाली मांडचोळणा. लांबून बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. छाती तेवढीच रुंद, मान तेवढीच जाड. कुणीतरी शिट्टी मारली. अण्णांनी दरसाल उडवायचे तशी दंडाची बेटकुळी उडवली नाही, एवढंच. ते गोटीजवळ येऊन थांबले.

मी तेलाची वाटी घेऊन पुढं झालो. समोर, पहिल्या रांगेत दादा उभा होता. त्याच्या शेजारी येऊन जयसिंग उभा राहिला आणि त्यानं दादाच्या डाव्या खांद्यावर हात टाकला, जुना दोस्त टाकतो तसा.

हलग्या थांबल्या.

मी खांद्यांना तेल लावलं. पाठीला लावलं. उकळी यायच्या आधी दूध हलतं तसं पाठीचं मांस जागोजाग हलत होतं. वरून उन्हात तेल चमकत होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. दंड चाचपले. उजवा दंड माझ्या मुठीत पूर्वी अर्धाही मावत नसे, आता तो मऊ लागत होता. मग मी त्यांचे दोन्ही पंजे हातात घेतले आणि गुरवाकडं तोंड केलं.

भैरू गुरव सत्तरीचा म्हातारा. त्यानं घसा खाकरून मोठ्यानं विचारलं, "अंग कसं हाय?"

मी बोललो नाही. दादा माझ्याकडं बघत होता. जयसिंगही बघत होता. सगळं गाव बघत होतं. तेवढ्यात अण्णांच्या उजव्या हाताची बोटं माझ्या बोटांवर आवळली. थांबली, पुन्हा आवळली. त्यांचं तोंड गोटीकडं होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बोटं तेवढी आवळत होती.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. इतका वेळ कधी लागत नसे.

"अंग कसं हाय?" गुरवानं पुन्हा विचारलं.

"अंग तयार हाय," मी म्हणालो.

माझ्या हातातली बोटं सैल झाली. गुरवानं दोन्ही दंडांना शेंदूर ओढला. हलग्या पुन्हा कडाडल्या. अण्णांनी मारुतीला हात जोडले, तेही नीट जुळले नाहीत, आणि ते वाकले.

गुडघ्यावर गोटी आली. ती कमरेच्या जोरावर आली, मी जवळ होतो म्हणून मला कळलं. लोक ओरडले. मांड्यांवरून घासत ती छातीकडं सरकली. मानेच्या शिरा टरारल्या. मग उजवा पंजा उघडला. कुणी बळजबरीनं उघडावा तसा नाही, झोपलेल्या माणसाचा उघडतो तसा. अण्णा पाठीवर पडले आणि गोटी त्यांच्या कमरेवर आली. जो आवाज झाला तसा आवाज मी एकदाच ऐकला होता, चार वर्षांपूर्वी, दुकानात बसून.

कुणी हललं नाही. एवढी हजार माणसं, पण अण्णांनी बोलावल्याशिवाय त्यांच्या अंगाला हात लावायची कुणाला सवयच नव्हती. जयसिंग जागचा हलला नाही, पण त्याचं कारण वेगळं. सगळ्यांत आधी दादा धावला. मोडक्या हाताचं मनगट आणि धड हाताचा पंजा लावून तो ती गोटी ढकलायला लागला आणि माझ्याकडं बघून ओरडला, "ये की रं!"

मी गेलो.

अण्णा त्या दिवशी मेले नाहीत. खुब्याचं हाड आणि बरगड्या मोडल्या होत्या. दोन महिन्यांनी मिरजेच्या दवाखान्यातून त्यांना आणलं ते बाजेवरून. तोवर पाण्याची पाळी जयसिंग लावू लागला होता. दादाचा डावा हात कुणी मोडला नाही, मी जयसिंगचं काम केलं होतं ना! घरी आल्यावर दादानं मला एकदाच विचारलं, "का?" मी म्हणालो, "जयसिंगनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला हुता, मी भ्यालो." त्यानं मान हलवली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. त्यानं त्यावर विश्वास ठेवला, का ठेवायचं ठरवलं, हे मला अखेरपर्यंत कळलं नाही. दादा जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

अण्णांच्या वाड्यावर येणारे हळूहळू बंद झाले. मी मात्र रोज जात राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणायचे, काय इमान आहे निवृत्तीचं! मी ऐकून घ्यायचो.

इमान कसलं? आता ह्या वयात सांगायला हरकत नाही. गुरवानं पहिल्यांदा विचारलं आणि मी गप्प राहिलो, तोवर मी दादाला दिलेल्या शब्दाला धरूनच होतो, 'तयार न्हाई' जिभेवर होतं. मग त्यांची बोटं आवळली. त्यांच्यात मुठीचा जोर नव्हता, बारीक पोर आईचं बोट धरतं तेवढा होता. ते काय म्हणत होते हे मला पहिल्या दाबातच कळलं. न्हाई म्हण, असं म्हणत होते. त्या सकाळी माजघरात दार लावून ते मला काय विचारत होते, तेही तिथंच कळलं. सगळ्या गावात त्यांना 'न्हाई' म्हणू शकणारा मी एकटा होतो आणि ते माझ्याकडं ते मागत होते. त्या क्षणी मला जयसिंग आठवला नाही, दादाचा डावा हातही आठवला नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच मला कुणाचीही भीती वाटत नव्हती. हिंदुराव अण्णा मला भीत होते, आणि मला ते गोड लागलं. गुरवानं दुसऱ्यांदा विचारेपर्यंत मी थांबलो, कारण ती बोटं आणखी दोनदा तरी आवळावीत असं मला वाटत होतं. आवळली.

त्यानंतर मला दुसऱ्या कुणाची फारशी भीती वाटलेली नाही.

अण्णा चौदा महिने जगले. शेवटी शेवटी दंडांवर नुसती कातडी लोंबत होती, बेटकुळीच्या जागी दोरीएवढं काहीतरी लागायचं. जीभ जड झाली होती. एका सकाळी मी त्यांचा उजवा पंजा चोळत होतो. त्यांनी ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"त्या दिवशी..." ते म्हणाले, आणि पुढचा शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला. "मी हात... दाबला हुता. तुला... कळलं न्हाई?"

माझा हात थांबला.

"न्हाई, अण्णा," मी म्हणालो. "मला न्हाई कळलं."

ते माझ्याकडं बघत राहिले. या वेळी मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. मग त्यांची नजर माझ्या थांबलेल्या हातावर आली आणि तिथून माझ्या मांडीजवळच्या वाटीवर गेली.

"तेल... संपलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, अण्णा," मी म्हणालो. वाटी काठोकाठ भरलेली होती.